डोळ्यांचे पान

काही वर्षांपूर्वी माझ्या सहीने एक परिपत्रक निघाले. मसुदा मी स्वतः दोनदा तपासला होता. समास नेटके होते, शीर्षके ठळक होती. दुसऱ्या दिवशी एक दृष्टिहीन सहकारी आले आणि अदबीने म्हणाले, "साहेब, परिपत्रक पोहोचले, पण ते मराठीत आहे असे माझा संगणक मानीत नाही." त्यांनी कळ दाबताच, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखविणारा आवाज 'एच, के, के, जे, आर' अशी अक्षरे उच्चारू लागला. माझ्या परिपत्रकाचा पहिला शब्द होता 'भारत'.

श्रोतेहो, डोळ्याला जे सुंदर दिसते ते सर्वांना वाचता येईल, हा भ्रम फार जुना आहे. अंध मुलांना पुस्तके वाचता यावीत म्हणून १७८४-८५च्या सुमारास पॅरिसमध्ये व्हॅलेंतिन आउई याने शाळा काढली व जाड कागदावर रोमन अक्षरे उठावाने छापविली. हेतू थोर होता, पण अक्षरे होती डोळ्यासाठी घडलेली. बोटांना त्यांची वळणे चाचपताना फार वेळ लागे, आणि त्या पद्धतीने मुलांना स्वतः लिहिणे तर जवळजवळ अशक्यच होते. त्याच शाळेतील लुई ब्रेल या विद्यार्थ्याने शार्ल बार्बिये या सैनिकी अधिकाऱ्याची बारा ठिपक्यांची रीत हाती घेतली आणि ती सहा ठिपक्यांवर आणली. तेवढे ठिपके बोटाच्या एका टोकाखाली मावतात! १८२९ साली त्याने ही पद्धती प्रसिद्ध केली. डोळस शिक्षकांना मात्र ती परकी वाटली. फ्रान्समध्ये तिला अधिकृत मान्यता मिळाली १८५४ साली. ब्रेल त्यापूर्वी दोन वर्षे वारला होता.

आपल्याकडे ब्रेलच्या अनेक पद्धती चालत असत. १९५१ साली भारती ब्रेल स्वीकारली गेली व मराठी, बंगाली, तमिळ अशा भाषांतील समान ध्वनींना समान ठिपके मिळाले. पुढे संगणकासाठीही हाच विचार झाला. भारतीय लिप्यांना एक सामाईक सांकेतिक क्रम देणारे मानक १९९१ साली ठरले, आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडमध्ये देवनागरीलाही तिची स्वतःची जागा मिळाली.

तरीही कचेऱ्यांतून वर्षानुवर्षे चालले ते निराळेच. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची नुसती चित्रे बसविलेले फाँट वापरले जात. कागदावर 'भ' उमटे, पण यंत्राच्या लेखी तिथे 'एच' आणि 'के' असत. टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्या लेखनिकांना ते सोयीचे होते. त्यांना दोष देणे मला योग्य वाटत नाही. सह्या करणारे आम्ही होतो, आणि आम्ही छापील प्रतीपलीकडे कधी पाहिले नाही.

२०१६चा दिव्यांग हक्क कायदा व त्याखालील २०१७चे नियम यांनी संकेतस्थळांवरील दस्तऐवज वाचनीय स्वरूपात असावेत असे सांगितले. पण सही करून पुन्हा स्कॅन केलेला कागद हे पानाचे छायाचित्रच असते; ओळख-प्रक्रिया केल्याखेरीज त्यात यंत्राला एकही अक्षर सापडत नाही. शीर्षकांचेही तसेच. अक्षरे मोठी व ठळक केली की आपण शीर्षक झाले असे समजतो. यंत्राला ते कळण्यासाठी लेखन-प्रणालीतील 'शीर्षक' ही शैली द्यावी लागते. ती दिली तर ऐकणारा एका कळीसरशी हव्या त्या प्रकरणावर जातो. न दिल्यास चाळीस पानांच्या अहवालातील हवा तो परिच्छेद गाठण्यासाठी त्याला कुठे थांबावे हे कळतच नाही. तक्ता जागा सोडून सोडून आखला, तर आकडे कुठल्या रकान्यातले हे कोण सांगणार?

ते परिपत्रक आम्ही युनिकोडमध्ये नव्याने टंकलिखित केले, शीर्षकांना शैली दिली, तक्ता तक्त्यासारखा केला. सहकाऱ्यांनी कानाला यंत्र लावून ते चार-पाच मिनिटांत ऐकले. मग म्हणाले, "आता स्पष्ट वाचता येते, साहेब. फक्त तिसऱ्या परिच्छेदातली तारीख चुकली आहे."