क्राउस–वेबर कसोटी
शालेय मुलांच्या पोटाच्या, पाठीच्या व कमरेच्या स्नायूंची किमान ताकद आणि लवचिकपणा तपासण्याची एक कसोटी. ऑस्ट्रियन-अमेरिकन वैद्य हान्स क्राउस (१९०५–९६) व त्यांच्या सहकारी सोन्या वेबर यांच्या नावांवरून ती ओळखली जाते. न्यूयॉर्क येथे पाठदुखीच्या रुग्णांवर उपचार करताना, पुष्कळांच्या दुखण्याचे मूळ हाडांच्या विकारात नसून स्नायूंच्या दुबळेपणात व ताठरपणात आहे, असे त्यांना आढळले. त्या अनुभवातून ही कसोटी सिद्ध झाली.

कसोटीत सहा प्रकार असतात. पहिल्या दोहोंत उताणे झोपून, हात मानेमागे धरून, एकदा पाय सरळ ठेवून व एकदा गुडघे दुमडून उठून बसावयाचे असते. त्यावेळी परीक्षक पावले धरून ठेवतो. तिसऱ्यात सरळ पाय जमिनीपासून सु. २५ सेंमी. उचलून दहा सेकंद धरावयाचे असतात. चौथ्यात व पाचव्यात पालथे झोपून अनुक्रमे छाती व पाय तितकाच वेळ उचलून धरतात. सहाव्यात गुडघे न वाकविता उभ्याने बोटे जमिनीला टेकवावयाची असतात. एकाही प्रकारात अपयश आल्यास मूल अनुत्तीर्ण ठरते.

१९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अमेरिकेतील ४,२६४ मुलांपैकी ५७·९ टक्के मुले अनुत्तीर्ण झाली; ऑस्ट्रिया, इटली व स्वित्झर्लंड येथील २,८७० मुलांत हे प्रमाण ८·७ टक्के होते. मोटारगाड्या, शाळेच्या बसगाड्या व यंत्रांनी सुखकर केलेली राहणी यांमुळे मुलांची हालचाल घटल्याचे कारण क्राउस व व्यायामशिक्षिका बॉनी प्रूडेन यांनी मांडले. १९५५ च्या जुलैमध्ये ही आकडेवारी राष्ट्राध्यक्ष आयझनहौअर यांच्यासमोर ठेवण्यात आली आणि १९५६ मध्ये युवकांच्या शारीरिक क्षमतेसाठी राष्ट्राध्यक्षीय परिषद स्थापन झाली.

या निष्कर्षांवर आक्षेपही घेण्यात आले. अमेरिकन मुलांच्या अपयशात सहाव्या प्रकाराचा, म्हणजे लवचिकपणाचा, वाटा मोठा होता. त्यामुळे एकूण आकड्यावरून संपूर्ण राष्ट्राची मुले दुबळी ठरविणे अनेक शारीरिक शिक्षणतज्ञांना मान्य नव्हते. शिवाय या कसोटीत बाहेरचे ओझे नसते. मुलाला स्वतःचेच धड किंवा पाय उचलावे लागतात. म्हणून तिच्यातून स्नायूंची निव्वळ ताकद नव्हे, तर शरीराच्या वजनाच्या तुलनेतील ताकद कळते. चरबीमुळे वजन वाढलेल्या मुलाचे स्नायू सशक्त असूनही ते अनुत्तीर्ण होऊ शकते. उलट, किडकिडीत मूल अल्प ताकदीवरही उत्तीर्ण होते. कुपोषण असलेल्या समाजात हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण तेथे कसोटीतील यश हे सुपोषणाचे लक्षण मानता येत नाही.

१९८० मध्ये अमेरिकेत आखलेल्या आरोग्यविषयक क्षमता-कसोटीत हे दोन घटक वेगळे करण्यात आले. त्वचेच्या घडीच्या जाडीवरून चरबीचा अंदाज, गुडघे दुमडून धड उचलण्याच्या आवृत्त्यांवरून पोटाच्या स्नायूंची क्षमता, असे मापन तीत होते. भारतात ‘खेलो इंडिया’ कार्यक्रमातील शालेय तंदुरुस्ती चाचणीतही वजन-उंचीवरून काढलेला देहभार निर्देशांक व पोटाच्या स्नायूंची चाचणी स्वतंत्रपणे नोंदविली जाते. क्राउस–वेबर कसोटी भारतीय शारीरिक शिक्षणाच्या पाठ्यक्रमांत अद्यापि शिकविली जाते. तिला कोणतेही उपकरण लागत नाही. मात्र तिचा निकाल मुलाच्या वजनासह वाचणेच योग्य होय.