कुंपणापलीकडची फुलं

रत्नागिरीत आमच्या जुन्या घराला चिऱ्यांचा गडगा होता आणि गडगा संपायचा तिथून पुढे घाणेरीची वई. लाल-पिवळ्या फुलांचे इवले गुच्छ बारा महिने फुललेले असत. आम्ही मुलं एकेक फूल अलगद उपटून त्याच्या देठाकडचा मध चोखायचो आणि काळी झालेली फळं खाऊन जीभ जांभळी करून घ्यायचो. पानांना उग्र वास, खोडाला बारीक काटे. शेळीसुद्धा तोंड लावत नसे. अब्बा म्हणायचे, "हा राखणदार पगार मागत नाही."

आंबा आपला, फणस आपला, तशी घाणेरीही आपलीच, असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो. बी. ए.ला मला इतिहास होता. त्यात राजे होते, लढाया होत्या, तह होते. झाडं कुठून आली हे त्यात नव्हतं. ते मला फार उशिरा कळलं आणि कळलं तेव्हा माझ्या हातून एक चूक होऊन गेली होती. त्या चुकीकडे येतोच. आधी घाणेरीची हकीकत सांगतो.

घाणेरी, कुणी तिला टणटणी म्हणतात, मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. सतराव्या शतकात ती जहाजांतून हॉलंडच्या बागांत पोहोचली. फूल उमलताना पिवळं असतं, मग नारिंगी किंवा लाल होतं, त्यामुळे एकाच गुच्छात दोन-तीन रंग दिसतात. युरोपातले माळी तिच्यावर लुब्ध झाले. त्यांनी संकर करून नवनव्या रंगांच्या जाती काढल्या. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीच्या कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात ती शोभेचं झाड म्हणून दाखल झाली. साहेबांच्या बंगल्यांना सुंदर कुंपण हवं होतं, एवढंच कारण.

पुढचं काम बुलबुलांनी केलं. त्यांनी फळं खाल्ली आणि बिया रानात नेऊन टाकल्या. वरून तोडली तर बुडखा पुन्हा फुटतो. तिच्या मुळा-पानांतली द्रव्यं शेजारच्या रोपांची वाढ रोखतात. उपाशी गुरानं पाला खाल्ला तर त्याला कावीळ होते, ऊन सोसत नाही, कातडी सोलते. १९२१ साली तिच्या फळांवर जगणारी एक माशी मुद्दाम परदेशातून आणून सोडण्यात आली. घाणेरीला तिचा काही फरक पडला नाही. आज देशातल्या व्याघ्र प्रकल्पांपुढच्या मोठ्या प्रश्नांत तिची गणना होते. हरणांना चारा देणारं गवत तिच्याखाली उगवत नाही. कुणाच्या तरी बागेची शोभा म्हणून आलेलं झाड दोनशे वर्षांत वाघाच्या दारापर्यंत गेलं.

जलपर्णीची कथाही अशीच आहे. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतली ही वनस्पती तिच्या फिकट जांभळ्या तुऱ्यांसाठी जगभरच्या तळ्यांत आणि हौदांत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आली आणि काही वर्षांत तिथल्या खाड्या, भातशेतं, होड्यांच्या वाटा तिनं बुजवल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोक तिला 'जर्मन पाना' म्हणू लागले; संकट आहे म्हणजे ते शत्रूनंच पाठवलेलं असणार! अखेर १९३६ साली बंगालमध्ये जलपर्णीविरुद्ध कायदा करावा लागला. बागेत किंवा हौदात शोभेसाठी ती वाढवण्यालाही त्यात बंदी होती. एका फुलाविरुद्ध कायदा! आपल्याकडे कोल्हापूर-पुण्याच्या नद्यांत आणि तलावांत दरवर्षी तिच्या बातम्या येतात. रोग तोच, फक्त गाव बदललं.

आपल्या मुंबई इलाख्यातही अशा बागा होत्या. पुण्याजवळ दापोडीला १८२८ साली सरकारी वनस्पती उद्यान सुरू झालं. १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन त्याचे प्रमुख होते. परदेशी झाडं इथे रुजतात का ते पाहायचं, औषधी वनस्पती वाढवायच्या, रोपं आणि बियाणं वाटायचं, हे त्या बागेचं काम. हेच गिब्सन पुढे इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. त्यांच्या जोडीला निकोल डाल्झेल नावाचे दुसरे स्कॉटिश गृहस्थ होते. नोकरी जकात खात्यात, वेड मात्र झाडांचं. या दोघांनी मिळून १८६१ साली मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा एक ग्रंथ छापला. त्याची रचना मोठी बोलकी आहे. मुख्य ग्रंथात इथल्या मूळच्या वनस्पती आहेत आणि शेवटी एक वेगळी पुरवणी आहे, बाहेरून आणलेल्या आणि इथे रुळलेल्या वनस्पतींची. म्हणजे घरचे कोण आणि पाहुणे कोण, याची नोंद त्यांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी ठेवली होती.

इथे एक गोष्ट मोकळेपणानं बोलतो. 'बाहेरून आलेले' हे शब्द ऐकले की माझ्यासारख्याचे कान टवकारतात. कवी असल्यामुळे उपमा देण्याचा मोहही होतो. पण तो मी आवरतो आणि तुम्हीही आवरा. झाडांच्या गोष्टीवरून माणसांचे हिशेब मांडू नयेत. झाडाला शेजारी कळत नाही, करार कळत नाही, लाजही कळत नाही. माणसाला ते सगळं कळतं, निदान कळायला हवं.

शिवाय बाहेरून आलेलं प्रत्येक झाड काही घाणेरी होत नाही. देवळाच्या आवारात आणि आमच्या कब्रस्तानात सारखाच शोभणारा खुरचाफा मूळचा मध्य अमेरिकेकडचा. फांदी लावल्याशिवाय तो सहसा वाढत नाही, म्हणून लावला तिथेच राहतो. दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोचा. पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेला काजू आमच्या कातळावर उभा राहिला आणि त्यानं कोकणातल्या कित्येक चुली पेटत्या ठेवल्या. आणि संध्याकाळी उमलणारी गुलबक्षी? झाड अमेरिकेचं, नाव फारसी 'गुल-ए-अब्बास'वरून आलेलं, फुलते मराठी अंगणात. ती आपल्याआप उगवते, पण मोरीच्या पाण्याशी, अंगणाच्या कडेला. डोंगर काबीज करायला निघत नाही. तेव्हा प्रश्न झाड कुठून आलं हा नाही. कुंपणाबाहेर गेल्यावर ते काय करतं, हा आहे.

आता माझी चूक. २०१४ साली माझी अम्मी गेली. तिला फुलांचं वेड होतं. आमचं कब्रस्तान वस्तीच्या टोकाला, सड्याला लागून आहे. पावसाळ्यानंतर तिथे पाणी घालायला कोण जाणार? म्हणून २०१६च्या जूनमध्ये मी पुण्याहून आणलेल्या कॉसमॉसच्या बियांची एक पुडी तिच्या कबरीभोवती आणि भिंतीच्या कडेनं पेरली. पुडीवर 'रानफुलं' असं लिहिलं होतं. रान कुठलं, ते लिहिलं नव्हतं. भाद्रपदात नारिंगी फुलांचा असा बहर आला की जनाज्याला आलेली माणसंसुद्धा क्षणभर थांबून बघत. मी त्यावर कविता लिहिली, ती छापूनही आली. कुणी आक्षेप घेतला नाही. बहुधा कुणी वाचली नसावी.

कॉसमॉस मेक्सिकोकडचा. तिकडून बिया माद्रिदच्या राजोद्यानात गेल्या आणि कॅव्हानिलेस या स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञानं १७९१ साली त्याला हे नाव दिलं. ग्रीक भाषेत त्या शब्दाचा अर्थ सुव्यवस्था, सजावट. एकदा पेरलं की हे झाड आपलं आपण बी टाकतं आणि पुढच्या पावसात दुप्पट होऊन येतं. पुणे-साताऱ्याकडच्या डोंगरउतारांवर आज भाद्रपद-आश्विनात जो नारिंगी गालिचा दिसतो आणि ज्याच्यापुढे गाड्या थांबवून लोक फोटो काढतात, तो हाच.

२०१९च्या ऑक्टोबरात वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक माझ्यासोबत तिकडे आले. भिंत ओलांडून कॉसमॉस बाहेर पडला होता. कातळाच्या खळग्यांत जिथे बोटभर माती साठते, तिथे तो उभा होता. प्राध्यापक खाली बसले आणि म्हणाले, "कविराज, याच जागी जूनमध्ये दीपकाडी फुलते. माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं. पन्नाशीच्या उंबरठ्यावर आलेला रत्नागिरीचा माणूस, सड्यावर गुरं चारणाऱ्यांच्या कविता लिहिणारा, आणि दीपकाडी माहीत नव्हती. लसणीसारखा लहानसा कांदा, गवतासारखी पानं आणि पहिल्या सरींनंतर उमलणारी लांबट पांढरी फुलं. कोकणाबाहेर ती फारशी कुठे सापडत नाही. शास्त्रीय नावातच तिनं कोकण धारण केलं आहे. १८५० साली तिचं वर्णन प्रथम जगापुढे ठेवलं ते याच डाल्झेल यांनी. ज्यांनी परक्या झाडांची पुरवणी जोडली, त्यांनीच घरच्या फुलाला घराचं नाव दिलं. आणि मी घरचा असून पुरवणीतल्यासारखं झाड त्याच्या उरावर पेरलं.

आमच्या सड्याला कागदोपत्री पोटखराबा म्हणतात. उन्हाळ्यात तो दिसतोही तसाच. पण पाऊस पडला की त्यावर दीपकाडीमागून कवळा येतो, गेंद येतो, सीतेची आसवं येतात. ही निळीजांभळी आसवं तर पाण्यातले बारीक जीव पकडून खातात, कारण कातळावर दुसरं खत मिळत नाही. उपासमारीत जगायला शिकलेली ही फुलं आहेत. त्यांच्या बोटभर मातीत कमरेएवढा कॉसमॉस उभा राहिला तर ऊन कुणाला मिळणार? सड्याचा सगळ्यात मोठा शत्रू कॉसमॉस नाही, हेही खरं. चिरेखाणी आणि सुरुंग लावून केलेल्या बागा त्याचं कितीतरी जास्त नुकसान करतात. पण त्या थांबवणं माझ्या हातात नाही. माझी पुडी माझ्या हातात होती.

मी तो उपटायचं ठरवलं. भिंतीबाहेरचा उपटला. कबरीवरच्याला हात लावायची वेळ आली तेव्हा माझी मोठी बहीण अडून बसली. कबरीवरचं हिरवं अल्लाची तस्बीह करतं, त्यानं मय्यतला आराम मिळतो, असं आमच्यात मानतात. आपा म्हणाली, "अम्मीच्या उशाशी फुललेलं उपटशील तू? तुझा हात तरी धजेल का?"

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. त्या वर्षी कबरीवरचा कॉसमॉस तसाच राहिला आणि त्यानं बी टाकलं. पुढच्या जूनमध्ये मी आपाला सड्यावर नेलं. पाऊस नुकता थांबला होता. भिंतीपासून शंभर पावलांवर पांढऱ्या दीपकाड्या वाऱ्यावर हलत होत्या, आणि भिंतीलगत कॉसमॉसची कोवळी रोपं दाटीवाटीनं वर येत होती. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हेही हिरवंच आहे की. तस्बीह हेही करत असणार." आणि पदर खोचून वाकली. कबरीवरची पहिली रोपं तिनंच उपटली.

ही गोष्ट तिथे संपली असती तर बरं झालं असतं. पण जमिनीत पडलेलं बी एकदम उगवत नाही, थोडं मागे राहतं. आजही आम्ही दर पावसाळ्यात दोन वेळा तिथे बेणायला जातो. पेरायला मला दहा मिनिटं लागली होती.

बागेची हौस सोडा, असं मी म्हणणार नाही. फक्त नवं रोप आणताना स्वतःला तीन प्रश्न विचारा. हे आपलं आपण बी टाकून उगवतं का? त्याचं बी पाखरं, पाणी, वारा दूर नेतात का? आणि माझ्या गडग्यापलीकडे काय आहे: रस्ता, की सडा, रान, पऱ्या? उत्तर अडचणीचं आलं तर ते झाड कुंडीत ठेवा आणि बी धरण्याआधी फुलं खुडा. छाटलेला पाला पऱ्यात टाकू नका. पिवळ्या फुलांची वेडेलिया गटारांच्या कडेनं पसरते ती अशीच. तिच्या कांडाचा तुकडा पडेल तिथे मूळ धरतो. रंग हवा असेल तर अबोली आहे, कोरांटी आहे, तेरडा आहे. मात्र सड्यावरची झाडं उकरून घरी आणू नका. ती तिथेच छान आहेत.

अम्मीच्या कबरीवर आता आम्ही काही पेरत नाही. पाऊस जे पाठवतो ते उगवतं. गेल्या वर्षी थोडं गवत होतं, दोन तेरडे होते आणि कोपऱ्यात कॉसमॉसचं एक रोप. ते आपानं उपटलं, माती झटकली आणि घरी आणून उन्हात वाळत टाकलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)