एकतर्फी हुकूमनामा

१२ मे १८७५. पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवचा बाजाराचा दिवस. पण त्या दिवशीं आसपासचे शेतकरी तेथें जमले ते खरेदीविक्रीसाठीं नव्हे. त्यांनीं सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि हातीं लागलीं तेवढीं खतें व दप्तरें जाळून टाकलीं. हें लोण लवकरच पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरलें. इतिहासांत या प्रकरणास दख्खनचे दंगे असें नांव मिळालें. यांत ध्यानीं घेण्याजोगी गोष्ट ही कीं, लोकांचा रोख माणसांवर नव्हता, कागदावर होता. सावकारानें खतें निमूटपणें काढून दिलीं तर बहुधा त्याला कोणी हात लावीत नसे. कागदावर एवढा राग कां, हें आज आपणांस पाहावयाचें आहे.

१८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें होतें. तिकडचा कापूस बंद झाल्यामुळें हिंदी कापसाचे भाव चढले आणि सावकारानें सढळ हातानें कर्ज दिलें. युद्ध संपलें, भाव कोसळले. इकडे सरकारी सारा मात्र नव्या आकारणीनें वाढलेला. सावकारानें हात आखडला आणि जुन्या येण्याचा तगादा लाविला.

त्यांत १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें भर घातली. साध्या खतावरील दाव्यास त्यानें तीन वर्षांची मर्यादा घातली होती. हेतु कुळाच्या हिताचा, परिणाम उलटा. तीन वर्षें भरत आलीं कीं सावकार नवें खत लिहून घेई आणि साचलेलें व्याज मुद्दलांत मिळवी. समजा, दरसाल दर शेंकडा २४ व्याजानें शंभर रुपये घेतले. तीन वर्षांनीं खत १७२ रुपयांचें होई, सहा वर्षांनीं सुमारें २९६ चें, आणि नऊ वर्षांनीं पांचशेंच्या वर! एका वेळीं मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करूं नये, हा दामदुपटीचा आपला जुना नियम. पण व्याजच मुद्दल होऊन बसल्यावर तो लागणार कोठें?

असें खत घेऊन सावकार दिवाणी कोर्टांत जाई. कोर्ट दूरच्या गांवीं. तेथें जावयाचें म्हणजे शेतीचें काम बुडावयाचें आणि पदरचा खर्च व्हावयाचा. शिवाय खतावर आपली निशाणी आहे, मग बोलावयाचें काय, ही समजूत. कुळ घरींच राही. प्रतिवादी गैरहजर, असा शेरा पडे आणि एकतर्फी हुकूमनामा होई. मूळ रक्कम किती, फेड किती झाली, व्याज कितीदां मुद्दलांत गेलें, हें विचारण्याचें न्यायाधीशास कारणच उरत नसे. त्याच्यापुढें एकच बाजू आणि एकच कागद असे. पुढें जप्ती आणि लिलांव. पुष्कळदां तर सावकार हुकूमनाम्याची बजावणी न करितां तो पेटींत ठेवी, आणि तुरुंगाचा धाक घालून आणखी एक खत लिहून घेई.

दंग्यांनंतर नेमलेल्या कमिशनला हीच गोष्ट दिसून आली. तिच्यांतून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा जन्मास आला. प्रथम तो पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. या कायद्यानें न्यायाधीशास कागदाच्या मागें जावयास लाविलें. त्यानें व्यवहाराचा इतिहास आरंभापासून तपासावा, मुद्दल व व्याज यांचा वेगळा हिशेब मांडावा, प्रतिवादीची जबानी घ्यावी आणि हप्ते बांधून द्यावे, अशी योजना झाली. पैशाच्या हुकूमनाम्यापायीं शेतकऱ्यास कैदेंत टाकणें बंद झालें. न्यायमूर्ति रानडे यांनीं या कायद्याखालीं खास न्यायाधीश म्हणून काम केलें. पळवाटाही निघाल्या, गहाणखताऐवजीं खरेदीखत लिहून घेण्याची युक्ति सावकारांनीं काढिली. तरी मुख्य तत्त्व टिकलें: ऋणकोचें म्हणणें ऐकल्याखेरीज त्याच्या कर्जाचा आंकडा खरा मानूं नये.

आज सावकाराच्या जागीं बँक आहे आणि खताच्या जागीं खिशांतलें क्रेडिट कार्ड. किमान रक्कम भरीत राहणाऱ्याच्या डोक्यावर बाकी कशी चढत जाते, हें सुप्याच्या शेतकऱ्यास समजावून सांगावें लागलें नसतें. मात्र ऋणको तितका निराधार राहिलेला नाहीं. १९०८ च्या दिवाणी संहितेप्रमाणें अंगावरचीं आवश्यक वस्त्रें, स्वयंपाकाचीं भांडीं व कारागिराचीं हत्यारें जप्तींतून सुटतात. केवळ दारिद्र्यामुळें कर्ज फिटलें नाहीं म्हणून कोणास कैदेंत टाकतां येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८० मध्यें ठरविलें. एकतर्फी हुकूमनामाही सबळ कारण दाखवून रद्द करून घेतां येतो. पण अर्जास मुदत अवघी ३० दिवसांची. समन्स रीतसर लागलेंच नसेल, तर हुकूमनामा कळल्या दिवसापासून ती मोजतात.

तरीही सुशिक्षित घरांत समन्स न वाचतांच खणांत टाकण्याची चाल आहे. भीति असते आणि लाजही असते. सुप्याच्या शेतकऱ्यास वाचतां येत नव्हतें आणि कोर्ट दूर होतें. आपणांस ती सबब नाहीं. त्यानें कागद जाळला. आपण तो उघडावा, हिशेब मागावा आणि नेमल्या तारखेस हजर राहावें. कर्ज खरें असेल तर तें फेडावें लागेलच. पण तें किती, हें ठरतांना आपला आवाज कोर्टांत असावा.