रबरी हातमोजा आणि पारा

रसायनशाळेंतील अपघात एके काळीं शूराच्या अंगावरील जखमेसारखा मानला जाई. फ्रान्समध्यें द्यूलाँ या शास्त्रज्ञानें १८११ सालीं नायट्रोजन व क्लोरीन यांचें एक तेलकट, स्फोटक संयुग शोधून काढलें आणि त्यापायीं तो एका डोळ्यास व कांहीं बोटांस मुकला. पुढच्याच वर्षीं इंग्लंडांत सर हम्फ्री डेव्ही यांनीं तेंच द्रव्य करून पाहिलें. स्फोट होऊन कांचेनें त्यांच्या डोळ्यास इजा झाली. १८१३ सालीं त्यांच्या हाताखालीं रुजू झालेल्या मायकेल फॅरडेनें त्याच द्रव्यावर काम करतांना तोंडावर कांचेचा मुखवटा चढविला होता. गुरूच्या डोळ्यावरून शिष्य शहाणा झाला असें म्हणावयास हरकत नाहीं. एप्रिल महिन्यांत मित्रास लिहिलेल्या पत्रांत तो सांगतो कीं, चिमटींत धरलेली नळी फुटली तेव्हां तिच्या तुकड्यांनीं मुखवट्याची कांच चिरली. डोळे वांचले, परंतु एका नखाचा तुकडा उडाला आणि बोटें इतकीं दुखावलीं कीं तीं नीट वापरतां येईनात. तोंडाचा बंदोबस्त झाला होता, हात उघडे होते.

हात उघडे ठेवण्यास कारणही होतें. चामड्याच्या जाड मोज्यांत नाजूक काम होत नाहीं, आणि चामडें द्रव शोषून उलट तो हाताशीं धरून ठेवतें. पाहिजे होता तो पातळ, बोटांबरोबर बसणारा, पाण्यास दाद न देणारा मोजा. तो रसायनशाळेंतून आला नाहीं. तो आला इस्पितळांतून.

अमेरिकेंत बाल्टिमोर शहरीं १८८९ सालीं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडलें. तेथील शस्त्रक्रियेचे प्रमुख डॉ. विल्यम हॅल्स्टेड यांच्या खोलींत कॅरोलाइन हॅम्प्टन या मुख्य परिचारिका होत्या. जंतुनाशासाठीं हात पाऱ्याच्या एका क्षाराच्या पाण्यांत बुडविण्याचा प्रघात होता. रसकापुराच्याच वर्गांतला हा जहरी पदार्थ. त्यानें हॅम्प्टनबाईंच्या हातांची कातडी फुटूं लागली. त्या हिवाळ्यांत हॅल्स्टेड यांनीं गुडइयर रबर कंपनीस लिहून पातळ रबराचे, मनगटावर चढणारे मोज्यांचे दोन जोड प्रयोगादाखल करवून घेतले. मोजे उत्तम ठरले. १८९० च्या जूनमध्यें डॉक्टरांचा व हॅम्प्टनबाईंचा विवाह झाला, म्हणून या मोज्याच्या कथेंत थोडा शृंगारही मिसळलेला असतो. पण लक्षांत घेण्यासारखी गोष्ट निराळी आहे. हा मोजा परिचारिकेच्या कातडीसाठीं झाला, रोग्याच्या जिवासाठीं नव्हे. तो घातल्यानें रोग्याची जखमही कमी चिघळते, हें हॅल्स्टेड यांचेच शिष्य ब्लडगुड यांनीं १८९९ सालीं अंतर्गळाच्या शस्त्रक्रियांचा हिशेब मांडून दाखविलें. डोळ्यांसमोरची गोष्ट दिसावयास जवळजवळ दहा वर्षें लागलीं!

पुढें हा मोजा रसायनशाळेंत शिरला व इतका अंगवळणी पडला कीं, मोजा घातला म्हणजे हात सुरक्षित, असा समज दृढ झाला. तो अर्धाच खरा होता. रबराचा तुकडा रॉकेलांत टाकून ठेवला तर कांहीं वेळानें फुगतो, हें घरोघरीं पाहिलेलें असतें. पाण्यांत तो तसा फुगत नाहीं. याचा अर्थ असा कीं, तेलकट द्रवाचे कण रबरांत विरघळून आरपार जाऊं शकतात. त्यांस भोक लागत नाहीं, आणि मोजा वरून कोरा, अखंड दिसतो. हॅम्प्टनबाईंचा पारा पाण्यांत विरघळलेला होता, म्हणून रबरानें तो अडविला.

पाऱ्याचें दुसरें एक संयुग आहे, डायमेथिल मर्क्युरी. दिसावयास पाण्यासारखें स्वच्छ, वजनांत पाण्याच्या जवळजवळ तिप्पट, आणि स्वभावानें तेलकट. लंडनमध्यें १८६५ च्या सुमारास त्यानें रसायनशाळेंतील दोन साहाय्यकांचे प्राण घेतले होते. १४ ऑगस्ट १९९६ रोजीं अमेरिकेंतील डार्टमथ कॉलेजांत प्राध्यापिका केरन वेटरहान या त्याचा अगदीं थोडा अंश एका नळींत भरीत होत्या. जड धातूंचा पेशींवर होणारा अपाय हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय. वाफा बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटांत काम चाललें होतें. डोळ्यांवर चष्मा व हातांत पातळ रबरी मोजे होते. त्या काळच्या नियमांत उणें असें कांहीं नव्हतें. मोज्यावर एक-दोन थेंब पडले. काम आटोपून त्यांनीं मोजे काढले, हात धुतले.

सुमारें पांच महिन्यांनीं चालतांना तोल जाऊं लागला, बोलणें अडखळूं लागलें. रक्त तपासलें तेव्हां लिटरमागें ४००० मायक्रोग्रॅम पारा निघाला. २०० च्या वर गेला कीं तो विषारी समजतात. उपचारांचा उपयोग झाला नाहीं. ८ जून १९९७ रोजीं, वयाच्या ४८ व्या वर्षीं त्यांचें निधन झालें. तशाच मोज्यांची नंतर परीक्षा केली असतां हा द्रव पंधरा सेकंदांच्या आंत पार होतो असें आढळलें. हात धुण्यापूर्वींच तो शरीरांत पोंचला होता.

सहकाऱ्यांनीं त्या हयात असतांनाच, मे महिन्यांत, हें वृत्त रसायनज्ञांच्या नियतकालिकांत छापून सर्वांस सावध केलें. अशा द्रव्यासाठीं आंत अनेक पदरी प्लॅस्टिकचा मोजा व त्यावर दुसरा दणकट मोजा, अशी जोडी ठरली. कोणत्या द्रव्यास कोणता मोजा किती वेळ टिकतो याचीं कोष्टकें पूर्वींही होतीं. तीं आतां भिंतीवर लागलीं. तीं वाचतांना गंमत वाटते. नायट्राइल रबर पेट्रोलास टिकतें, पण ॲसिटोनपुढें हार खातें. ब्यूटिल रबराचें नेमकें उलट. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा मोजा बेंझीनला दाद देत नाहीं, मात्र साध्या पाण्यानें विरघळूं लागतो.

वेटरहानबाईंना तें संयुग हवें होतें तें केवळ एका मापनांत तुलनेसाठीं. त्या कामीं त्याऐवजीं पाण्यांत विरघळणारे पाऱ्याचे क्षार वापरावे, अशीही सूचना त्या वेळीं पुढें आली. बाल्टिमोरच्या इस्पितळांत हॅम्प्टनबाई हात बुडवीत होत्या, तो याच जातीचा पारा.