आधी कुठे बघायचं?

लंडनच्या कितीतरी चौकांत पायाशीच ठळक पांढरी अक्षरं असतात : ‘लुक राइट’. लंडनकराला त्यांची गरज नाही. ती आहेत पॅरिसहून, न्यूयॉर्कहून आलेल्या माणसासाठी. इथली वाहनं डावीकडून चालतात हे त्याला ठाऊक असतं, पण मान वळते ती घरच्या सवयीने.

या गोंधळाचं एक मूळ लंडन ब्रिजवर सापडतं. पुलावरची कोंडी फोडण्यासाठी १७२२ मध्ये लंडनच्या महापौरांनी गाड्यांना डावी बाजू नेमून दिली. १८३५ च्या कायद्याने ती देशाची रीत झाली आणि ब्रिटिश अमलाबरोबर आपल्याकडे आली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाने १७९२ मध्येच एका मोठ्या रस्त्यासाठी उजवी बाजू ठरवली होती. पोर्तुगाल १९२८ मध्ये उजवीकडे वळला. गोवा मात्र ब्रिटिश हिंदुस्थानाला लागून असल्याने डावीकडेच राहिला.

वाटा अशा फुटल्या आणि भुर्दंड पायी चालणाऱ्यांवर पडला. १३ डिसेंबर १९३१ च्या रात्री विन्स्टन चर्चिल न्यूयॉर्कचा फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू ओलांडत होते. अमेरिका त्यांना नवखी नव्हती. त्यांची आई तिथलीच. तरी रस्त्याच्या मध्यावर आल्यावर नजर इंग्लंडच्या सवयीने डावीकडे गेली आणि मोटार आली उजवीकडून. ते जबर जखमी झाले. दोष आपलाच, असं त्यांनी सांगून टाकलं. मला हे पुरतं पटत नाही. आयुष्यभराची सवय बोटीतून उतरताच कशी सुटावी?

स्वीडनने ही जबाबदारी सरकारची मानली. ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे सगळी वाहनं थांबवून, बाजू बदलून, पाच वाजता पुन्हा सोडली. त्याआधी घरोघरी माहितीपुस्तिका गेल्या होत्या. सुरुवातीला अपघात चक्क घटले, कारण जो तो सावध होता. नवी बाजू अंगवळणी पडली तसे ते पुन्हा वाढले.

परदेशी पाहुणा मात्र रोज नवा असतो. म्हणून लंडनची ती अक्षरं मला मोलाची वाटतात. उजवीकडून वाहनं चालवणाऱ्या शहरांनीही आपल्यासारख्यांसाठी ‘डावीकडे बघा’ असं रंगवायला हवं. तोवर न्यू जर्सीला लेकीकडे निघालेल्या आईबाबांना विमानात बसण्याआधीच सांगून ठेवावं : दुहेरी रस्त्यावर पाऊल टाकताना आधी डावीकडे बघा, आणि निम्मा रस्ता ओलांडलात की उजवीकडे.