शंभरी न गाठलेल्या इमारतींचा इतिहास

‘पीएचडी कशावर करतेस?’ असं कुणी विचारलं की मी सांगते, ‘पिंपरी-चिंचवडच्या सार्वजनिक इमारतींवर.’ पुढचा प्रश्न ठरलेला: ‘तिथे कारखान्यांशिवाय आहे काय?’

आहे की! चिंचवडला पवनेकाठी मोरया गोसावींचं समाधी मंदिर आहे. तिथल्या शिलालेखानुसार मंदिराचं बांधकाम 1658-59 मधलं. जवळच चापेकर वाडा आहे. 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळ्या झाडणाऱ्या चापेकर बंधूंचं हे घर, आता त्यांचं स्मारक. चाकणला संग्रामदुर्ग आहे. 1660 साली शाहिस्तेखानाच्या फौजेसमोर फिरंगोजी नरसाळ्यांनी हा भुईकोट सुमारे दोन महिने लढवला.

पण हे तिन्ही एका ओळीत ठेवले की एक गोष्ट लक्षात येते. मंदिरात माणसं आजही रोज येतात, म्हणून ते नांदतं आहे. वाडा टिकला, कारण लोकांनी पुढाकार घेऊन त्याचा जीर्णोद्धार केला. संग्रामदुर्गाचं मात्र कामच संपलं, आणि आज तिथे तटबुरुजांचे काही अवशेष तेवढे उरलेत. इमारत दगडापेक्षा वापरावर जास्त टिकते, असं माझं मत होत चाललंय.

आता कारखान्यांकडे येऊ. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि मागोमाग इतर कारखाने आले. 1970 मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली, 1982 मध्ये महानगरपालिका. गावोगावहून आलेल्या कामगाराला इथे ना गावची चावडी होती, ना देवळाचा पार. मग त्याने जमायचं कुठे?

याचं एक उत्तर 1953 च्या कामगार कल्याण निधी कायद्यात सापडतं. कामगारांकडून वसूल केलेला दंड आणि त्यांनी न उचललेला पगार मालकाकडे न राहता या निधीत जावा, अशी त्यात तरतूद होती. पुढे कामगार आणि मालक यांची वर्गणीही त्यात आली. या निधीतून कामगार कल्याण केंद्रं चालली: वाचनालय, शिवणवर्ग, व्यायामशाळा आणि नाटकं. म्हणजे त्या हॉलच्या खर्चात कुणाच्या तरी कापलेल्या पगाराचाही वाटा होता. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वही मिटून बराच वेळ नुसतीच बसले होते.

कारण माझे वडील अशाच एका केंद्रात नाटकाच्या तालमी करायचे. फर्स्ट शिफ्ट संपली की डबा घेऊन थेट तिकडे. आईची तक्रार असायची, ‘घरापेक्षा हॉलवर जास्त!’

अशी इमारत वारसा ठरते का? राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक व्हायला 1958 च्या केंद्रीय कायद्यानुसार ती किमान 100 वर्षं जुनी हवी. या हिशोबाने 1960 साली बांधलेला हॉल 2060 पर्यंत पात्रच ठरत नाही. तोवर तो उभा असेल का?

इंग्लंडमध्ये जुन्या इमारतींच्या संरक्षक यादीशिवाय आणखी एक सोय आहे. 2011 च्या लोकलिझम कायद्यानुसार गावकरी आपला हॉल, दुकान, अगदी पबसुद्धा ‘समाजाच्या उपयोगाची मालमत्ता’ म्हणून नोंदवून घेऊ शकतात. मालकाने ती विकायला काढली, तर पैसे उभे करायला स्थानिक गटाला सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळू शकते. मालकाने त्यांनाच विकावी अशी सक्ती नाही, त्यामुळे हा काही रामबाण उपाय नव्हे. पण तिथे वयापेक्षा वापर मोजला जातो, एवढं तरी आपण घेण्यासारखं आहे.

चाकणच्या पट्ट्यात आज दहा बाय दहाच्या खोल्यांत भाड्याने राहणारी कंत्राटी मुलं दिसतात. सुटीच्या दिवशी ती चहाच्या टपरीवर जमतात. उद्या त्यांचा इतिहास लिहायचा झाला, तर कुठल्या इमारतीत शोधायचा?

तुमच्या घरी कुणी अशा हॉलमध्ये नाटक केलं असेल, शिवण शिकलं असेल, तर जुने फोटो आणि हँडबिलं रद्दीत टाकू नका. वडिलांच्या नाटकाचं एकच हँडबिल आमच्याकडे उरलंय. त्यावर हॉलचं नाव आहे. साल छापायचं मात्र राहून गेलंय.