ड्यूटी सांभाळून पदवी

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातलं नंदगड इतिहासात इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णामुळे नोंदलं गेलं. इंग्रजांनी त्याला २६ जानेवारी १८३१ रोजी इथेच फाशी दिली. पुढे ब्रिटिश अमदानीत गाव बाजारपेठ म्हणून नावाजलं. गोव्याकडून मीठ, नारळ, सुपारी घाट चढून यायची आणि इथून धान्य खाली जायचं. एकोणिसावं शतक सरता सरता रेल्वे आली, ती मात्र खानापूरला. त्या मार्गाने मिरज, बेळगाव आणि लोंढ्यापलीकडचा गोवा जोडले गेले. या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या एखाद्या मुलीला नर्सिंग शिकायचं झालं, तर आजही आधी याच तीन दिशांचा विचार होतो.

मिरजेत विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केलं आणि त्याच्या आधाराने नर्सिंगचं शिक्षणही उभं राहिलं. त्या काळी शिकणं आणि राबणं यांत फरक नव्हता. मुलगी वॉर्डात राहायची, पाळ्या करायची, मोठ्या सिस्टरच्या हाताखाली ड्रेसिंग शिकायची आणि उरल्या वेळात वर्गात बसायची. रुग्णालयाला हात मिळत होते, मुलीला राहणं, जेवण आणि विद्या. पुण्यात रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये सेवासदन उभारलं. तिथल्या विद्यार्थिनी, त्यांत विधवाही, परिचर्या शिकायला ससून रुग्णालयात जाऊ लागल्या. परक्या पुरुषाची शुश्रूषा करणं कुलीन घरांना कमीपणाचं वाटे, तेव्हाची ही गोष्ट.

मग कागद आले. मुंबई इलाख्यात नर्स, सुईणी आणि हेल्थ व्हिजिटर यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ मध्ये झाला आणि देशपातळीवर इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा १९४७ मध्ये. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्या राज्याने १९६१ मध्ये नर्सेसच्या नोंदणीचा स्वतःचा कायदा केला. नर्सची नोंदणी राज्याच्या कौन्सिलकडे असते. त्यामुळे मिरजेत शिकून बेळगावात नोकरी धरायची, तर नोंदणीही सीमेपलीकडे न्यावी लागते. अंतर काही तासांचं, कागदपत्रांचा फेरा मात्र दोन राज्यांचा.

पदवीची कथा आणखी निराळी. दिल्ली आणि वेल्लोर इथे १९४६ मध्ये नर्सिंगची बी.एस्सी. सुरू झाली आणि दिल्लीतच १९५९ मध्ये पदव्युत्तर शिक्षण. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज १९६४ मध्ये उघडलं. आधीच डिप्लोमा घेऊन कामाला लागलेल्या नर्सेससाठी दोन वर्षांची ‘पोस्ट बेसिक’ पदवी निघाली, तिची सुरुवात १९६०च्या दशकात तिरुवनंतपुरमला झाली. पण ही दोन वर्षं पूर्ण वेळ कॉलेजात काढायची होती. सरकारी नोकरीत असलेल्या बाईला डेप्युटेशन मिळालं तर ठीक. खासगी दवाखान्यातल्या सिस्टरला राजीनाम्याखेरीज वाट नव्हती. पूर्वी काम करतच विद्या मिळायची, आता विद्येसाठी काम सोडावं लागू लागलं. पदवी नसली की पदोन्नतीच्या आणि शिकवण्याच्या जागाही दूरच राहायच्या.

घर किंवा नोकरी न सोडता शिकण्याची कल्पना मराठी मुलखाला नवी नव्हती. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाने वर्गात बसू न शकणाऱ्या स्त्रियांना खासगीरीत्या अभ्यास करून परीक्षा देण्याची मुभा दिली होती. पण घरी बसून वाङ्मय किंवा इतिहास वाचता येतो. सलाइन लावणं आणि अडलेली बाळंतीण सोडवणं घरी बसून कसं शिकणार, हा प्रश्न उरतच होता.

त्याचं उत्तर १९९४ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने, म्हणजे इग्नूने, दिलं. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या मान्यतेने त्यांनी पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग दूरशिक्षणाने सुरू केली. प्रवेश फक्त नोंदणीकृत, नोकरीत असलेल्या नर्सना. बारावीनंतर जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा केला असेल तर दोन वर्षांचा अनुभव हवा. वर प्रवेश परीक्षाही आहे. नेहमीच्या कॉलेजात दोन वर्षांत होणारा अभ्यास इथे किमान तीन वर्षांत पुरा करायचा. पुस्तकं घरी येतात, असाइनमेंट लिहून द्यायच्या. प्रात्यक्षिकांसाठी मात्र नर्सिंग कॉलेजातल्या स्टडी सेंटरवर हजर राहावंच लागतं. पत्राने पदवी मिळते हा समज इथे लागू पडत नाही.

नंदगड परिसरातल्या एखाद्या स्टाफ नर्सच्या जागी उभं राहिलं की तीन वर्षं म्हणजे काय ते कळतं. नाइट संपली की सकाळची एसटी, घरी स्वयंपाक, मुलांची शाळा आणि दुपारच्या झोपेतून काढलेला तासभर अभ्यास. संपर्कवर्ग लागले की इन्चार्ज सिस्टरपुढे रजेचा अर्ज आणि मैत्रिणींशी ड्यूटीची अदलाबदल. त्यात पुस्तकं इंग्रजीत. सातवीपर्यंत मराठी शाळा, ऑफिसात कन्नड, वॉर्डात कोकणी, मराठी, कन्नड तिन्ही आणि उत्तरपत्रिका इंग्रजीत, असा सीमाभागातला संसार. वॉर्डातला अनुभव मात्र अशा वेळी उपयोगी पडतो. पुस्तकात शॉकची लक्षणं वाचताना तिला परवाच्या रात्रीचा पेशंट आठवतो आणि धडा पाठ करावा लागत नाही.

हा रस्ता रुंद मात्र कधीच झाला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनी अभियांत्रिकी, वैद्यक, फार्मसी यांच्यासोबत नर्सिंगलाही दूरशिक्षणातून शिकवू नये अशा विषयांच्या यादीत टाकलं. तरी इग्नूच्या पोस्ट बेसिकसाठी २०२४ मध्येही प्रवेश परीक्षा झाली. त्याआधी नोकरदार नर्सेससाठी सामुदायिक आरोग्याचा सहा महिन्यांचा ब्रिज कोर्सही इग्नूने आणला होता. आयुष्मान भारत योजनेतल्या आरोग्य केंद्रांना समुदाय आरोग्य अधिकारी हवे होते आणि हा कोर्स केलेल्या नर्सला त्यातून वरची जागा मिळाली.

एम.एस्सी.ला मात्र अशी सोय नाही. ती दोन वर्षं वर्गात आणि वॉर्डात पूर्ण वेळ काढूनच पदरात पडते. नर्सिंग कॉलेजात शिकवायची इच्छा असलेल्या सिस्टरची गाडी तिथे अडते. गंमत अशी की त्यापुढच्या पायरीवर कौन्सिलने बेंगळूरुच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी मिळून २००५ मध्ये पीएच.डी.साठी राष्ट्रीय कन्सॉर्टियम उभारलं, देशात ठिकठिकाणी अभ्यासकेंद्रं ठेवली आणि नोकरी करत अर्धवेळ संशोधन करण्याची वाट मोकळी केली. नोकरी न सोडता पदवी मिळते, नोकरी न सोडता डॉक्टरेटही मिळते. मधल्या दोन वर्षांसाठी मात्र नंदगडच्या सिस्टरला आजही बिनपगारी रजा, डेप्युटेशन नाहीतर राजीनामा यांतलंच एक निवडावं लागतं.